घोड्याची किंमत आणि घोड्याचा महिना

मी पुण्यात घोडेस्वारी शिकते हे कळलं की लोक आधी घोड्याची किंमत विचारतात. विचारायला हवा तो त्याचा महिना. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो सुका चारा लागतो. वर हरभरा, ओट, कोंडा, मोतद्दाराचा पगार आणि पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. स्वार आजारी पडो की गावाला जावो, यातलं काहीच थांबत नाही. म्हणून मी घोडा घेतला नाही. क्लबाच्या घोड्यांवर शिकले, आणि स्वारीच्या प्रत्येक प्रकारात पैसा कुठे मुरतो ते जवळून पाहिलं.

सुरुवात शो जंपिंगने झाली. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड आपल्याकडे तुलनेने स्वस्त मिळतो. पण धावायला घडवलेल्या जनावराला सगळं नव्याने शिकवावं लागतं, आणि उडी मारून उतरताना भार पुढच्या पायांवर येतो. आमच्या एका घोडीची शीर सुजली. मोतद्दार सकाळ-संध्याकाळ तिच्या पायावर गार पाणी सोडत बसायचा. कित्येक महिने तिच्यावर कुणी बसलं नाही, खुराक मात्र चालूच होता. जंपिंगचा खरा खर्च अडथळ्यांचा नाही, तो या पायांचा आहे.

ड्रेसाजला, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या प्रकाराला, वीस बाय साठ मीटरचं सपाट मैदान पुरतं, त्यामुळे ते स्वस्त वाटतं. प्रत्यक्षात तेच सर्वांत महाग. घोडा तयार व्हायला वर्षं जातात, प्रशिक्षक तासभर तुमच्या एकट्यावर खर्ची पडतो आणि लांब पाखांचं खोल जीनही वेगळं लागतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हा माझे डोळे भरून आले. पण त्या चौघांची तयारी युरोपात झाली होती. मुलांना या वाटेवर पाठवणाऱ्या पालकांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

मला आवडला आणि परवडला तो एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची स्वारी. पल्ले 40, 60, 80 किलोमीटरचे आणि त्याहून मोठेही असतात. टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात. ती मिनिटाला 64 पर्यंत उतरली नाही तर घोडा बाद. सरावाला मैदान नको, गावाबाहेरची मातीची वाट चालते. जीन कानपूरचं साधं पुरतं. मारवाडी, काठेवाडी घोडे यात चांगले टिकतात, आणि ते आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येतात. ज्याच्या घरी कडबा आणि लसूणघास पिकतो, त्या शेतकऱ्याच्या मुलाला तर हा खेळ शहरातल्या कुठल्याही क्लबापेक्षा कमी पैशांत जमेल. आपल्याकडे यालाच सर्वाधिक प्रोत्साहन मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

प्रकार कोणताही निवडा, पहिले पैसे चांगल्या हेल्मेटला द्या. डोक्यावर पडलात तर ते बदलायलाही मागेपुढे पाहू नका. आणि तासाच्या कमी दरावर भुलू नका. ती बचत बहुतेक वेळा घोड्याच्या पोटातून काढलेली असते. क्लबात गेल्यावर दर नंतर विचारा. एका मोतद्दाराकडे किती घोडे आहेत आणि नालबंद शेवटचा कधी येऊन गेला, हे आधी विचारा.