खूण आणि नाव

खूण आणि अर्थ यांचे नाते उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात जिवावर बेतू शकते. नर पुढचे पाय उंचावून, पोट थरथरवून मादीपुढे नाचतो. ‘मी भक्ष्य नव्हे, तुझ्याच जातीचा’ हे तिला पटले नाही, तर ती त्याला खाऊनही टाकते.

ठाणे-कल्याण परिसरातील या कुळातल्या एका कोळ्याचे 2021 मध्ये बारसे झाले: ‘इसियस तुकारामी’. मला अप्रूप आहे ते अखेरच्या ‘ई’चे. ती लॅटिन षष्ठी; अर्थ, ‘तुकारामाचा’. आपले मन देहूकडे धावले असेल. पण हे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी मरेपर्यंत सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला.