पाथर्डीकडची कुलयात्रा

नगर शहर सोडून पूर्वेस निघालें म्हणजे जी वाट करंजीच्या घाटानें पाथर्डीस जाते, तिला आतां कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग असें भारदस्त नांव मिळालें आहे. जिल्ह्याचेंही नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें. डोंगर मात्र तेच आहेत. गर्भगिरीची ही रांग उंचीनें बेताची आणि उन्हाळ्यांत अगदीं उघडीबोडकी. तरी नाथसंप्रदायाचीं इतकीं पुण्यस्थळें एकमेकांच्या इतक्या जवळ क्वचितच सांपडतील. घाटशिरसचा वृद्धेश्वर, सावरगांवचा मायंबा म्हणजे मच्छिंद्रनाथांचें समाधिस्थान, मढीस कानिफनाथांची समाधि, आणि पाथर्डीपलीकडे मोहट्याची देवी. माहूरची रेणुकाच भक्तांसाठीं मोहट्यास आली अशी श्रद्धा असल्यामुळें, ज्यांची कुलस्वामिनी माहूरची परंतु ज्यांस माहूर दूर पडतें, अशीं आमच्यासारखीं कित्येक घराणीं आपला कुलधर्म येथेंच करितात.

यंदा चैत्रांत आम्ही तेथें गेलों तें एका विशेष निमित्तानें. आमच्या ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात. ते ईस्टरच्या सुटीस जोडून रजा काढून सहकुटुंब आले होते. त्यांचा मुलगा तिकडे गेला तेव्हां चार वर्षांचा होता. आतां त्यास पंधरा पुरीं होऊन सोळावें लागलें आहे, आणि त्याची मुंज राहिली आहे. गृह्यसूत्रकारांनीं ब्राह्मण बटूच्या उपनयनास आठवें वर्ष हा मुख्य काल सांगितला असून सोळावें ही शेवटची मर्यादा घातली आहे. तेव्हां आधीं देवीस जाऊन यावें आणि परत जाण्यापूर्वीं घरच्या घरीं मुंज लावावी, असा चिरंजीवांचा बेत होता. मुलाचें मत कोणीं विचारलें नव्हतें. तें त्यानें करंजीच्या घाटांत, न विचारतां सांगितलें.

"धाकटे आजोबा," तो आम्हांस म्हणाला, "ज्याचा अर्थ मला कळत नाहीं तें मी देवापुढें कसें म्हणूं? तें खोटें बोलणें नाहीं का होणार?"

गाडींत कोणी बोलेना. त्याचे वडील खिडकीबाहेर पाहूं लागले. पोर उर्मट आहे असें वाचकांनीं समजूं नये. वडिलांच्या पायां पडल्यावांचून तो घराबाहेर पडत नाहीं. परंतु त्याच्या दिनक्रमांत दोन घरें नांदत आहेत, आणि दोहोंची वेळ एकच आहे. रविवारीं सकाळीं मराठी शाळा असते, आणि त्याच वेळीं त्याच्या संघाचे फुटबॉलचे सामने असतात. मित्रांनीं त्याच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें ठेवून बाकीचीं टाकून दिलीं आहेत. आई पूर्ण नांवानें हांक मारते तेव्हां आपणांवर कोणी रागावलें आहे असें त्यास वाटतें. येथें आल्यावर चुलत भावंडें त्याचें मराठी ऐकून हंसतात, म्हणून तो त्यांच्याशीं इंग्रजींत बोलतो. मग तो मराठी बोलत नाहीं म्हणून वडीलधारे हळहळतात.

वाटेंत मढीस थांबलों. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी यात्रा नुकतीच उठली होती. रेवड्यांचीं थोडीं दुकानें मागें उरलीं होतीं. देवस्थान टेकडीवर असून बांधणी किल्ल्यासारखी आहे. शाहू महाराजांच्या सुटकेसाठीं येसूबाईंनीं नवस केला, आणि तो फेडतांना भटक्या जमातींनीं येथें दगड वाहिले, अशी आख्यायिका सांगतात. वैदू, गोपाळ, कैकाडी अशा ज्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गांवोगांव हिंडावें, त्यांनीं वर्षांतून एकदां मढीस यावें असा परिपाठ आहे. येथें सोयरिकी जुळतात, रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो, आणि त्यांच्या जातपंचायतीही येथेंच बसत. त्या पंचायतींचे निवाडे केव्हां केव्हां फार निष्ठुर असत. कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत पडत. पुढें त्या जमातींतीलच पीडित माणसें धीर करून बोलूं लागलीं, चळवळ झाली, आणि २०१६ सालीं विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला.

हें ऐकून मुलगा पायऱ्यांवरच थांबला. "म्हणजे जुनी रीत चुकीची असली तर सोडतां येते?"

"येते," आम्हीं म्हटलें. "पण पाहा, पंचायतीचा जाच झाला म्हणून कानिफनाथांची यात्रा कोणीं मोडली नाहीं. कोणती गोष्ट सोडावी आणि कोणती ठेवावी हें आंत राहून पाहिलें म्हणजे नीट दिसतें."

"आणि आंत यायचें कीं नाहीं, हें कोणीं ठरवायचें?" तो म्हणाला. ह्याचें उत्तर मढीस आमच्याजवळ नव्हतें.

पाथर्डी हें बाजारपेठेचें गांव. स्थानकवासी जैन समाजांत ह्या परिसराचें नांव आदरानें घेतलें जातें, कारण आचार्य आनंदऋषिजींचा जन्म १९०० सालीं ह्याच तालुक्यांत चिंचोडी येथें झाला. १९१३ सालीं मिरी येथें त्यांनीं दीक्षा घेतली. पुढें १९६४ सालीं ते श्रमणसंघाचे आचार्य झाले. दीक्षेच्या वेळीं त्यांचें वय तेरा वर्षांचें होतें हें ऐकतांच मुलानें विचारलें, "त्यांना कोणीं विचारलें होतें का?" आम्हीं सांगितलें कीं, दीक्षेस वडीलधाऱ्यांची अनुज्ञा लागते हें खरें, परंतु अनुज्ञा मागावयाची ती ज्याला दीक्षा हवी त्यानें. त्याचे वडील हें ऐकत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

मोहट्यास दर्शन झालें, ओटी भरली. नंतर सांवलींत बसलों असतां, नारळाच्या दुकानावर बसलेला एक समवयस्क मुलगा आमच्या नातवाशीं बोलूं लागला. त्याची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. आईबाप ऊंसतोडीहून आठच दिवसांपूर्वीं परतले होते. ह्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर हजारों जोडपीं साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात. मुकादमाकडून आधीं उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. पहांटेपासून ऊंस तोडून, मोळ्या बांधून वाहनांत भरावयाचा आणि रात्रीं कोपींत निजावयाचें. मुलें एक तर बरोबर जातात आणि शाळा बुडते, नाहीं तर आजीजवळ राहतात. हा आजीजवळ राहिला होता.

"तुझं गांव कोणतं रे?" त्यानें विचारलें.

"न्यू जर्सी," नातू म्हणाला.

"ते राहायचं ठिकाण झालं. गांव कोणतं?"

नातवानें आमच्याकडे पाहिलें. तेव्हां तो मुलगा समजावणीच्या सुरांत म्हणाला, "आमचे आईबाप निम्मं वर्ष कोपींत राहतात. कधीं सांगलीकडं, कधीं कर्नाटकांत. पण गांव मोहटाच. देवीला नारळ फोडून जातात, आले कीं पहिले इथंच येतात."

दोघांचीं सुखदुःखें सारखीं नव्हेत. एकाच्या आईबापांस पोट ओढून नेतें, दुसऱ्याचे अधिक बऱ्या संसारासाठीं आपण होऊन गेले. तरी त्या प्रश्नानें नातू दिवसभर गप्प होता.

रात्रीं पाथर्डीस मुक्काम केला. जेवणानंतर आम्हीं त्यास आनंदीबाई जोशी ह्यांची हकीकत सांगितली. १८८३ च्या एप्रिलांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, पति बरोबर नसतां, ती मुलगी कलकत्त्याहून निघाली आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरली. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें तिनें जाण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत सांगितलें होतें. परक्या देशांत तिनें आपला पोषाख व आहार संभाळला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची पदवी घेतली, आणि पदवीसाठीं प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, ती क्षयानें वारली. तिची रक्षा तिच्या अमेरिकन स्नेही कार्पेंटरबाईंकडे गेली, आणि न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी गांवीं त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवली गेली.

"कार्पेंटरबाई कोठें राहत?"

"न्यू जर्सींत, रोझेल येथें."

"आमच्या घरापासून अर्ध्या तासावर!" तो उठून बसला. "तिथें तिच्यासारखें दुसरें कोणी होतें का?"

नव्हतें. अमेरिकेनें १९६५ सालीं आपला परदेशीयांविषयींचा कायदा बदलला, तेव्हांपासून मराठी माणसें तिकडे मोठ्या संख्येनें जाऊं लागलीं. मग गांवोगांव मंडळें झालीं, १९८१ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें, मुलांसाठीं मराठी शाळा निघाल्या. आनंदीबाईस ह्यांतलें कांहींच नव्हतें. परंतु तिला एक गोष्ट होती जी ह्या मुलांस सहसा नसते. काय संभाळीन तें तिनें स्वतः ठरविलें होतें, आणि तें चारचौघांत स्वतःच्या तोंडानें सांगितलें होतें.

चिरंजीवांनीं शेवटीं आम्हांस विचारलें, "काका, सोळावें उलटलें तर?"

शास्त्र आहे तसें सांगणें आमचें काम होतें. मर्यादा उलटली तर व्रात्यप्रायश्चित्त आहे, आणि त्यानंतर उपनयन होऊं शकतें. उशीर करून येणारे असतील हें सूत्रकारांनींही जाणलें होतें. समुद्र ओलांडणाऱ्यांसही एके काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागे. आज तें कोणी विचारीतही नाहीं. आणि उपनयन शब्दाचा अर्थच मुळीं 'जवळ नेणें' असा आहे. ज्याला न्यावयाचें तोच मागें ओढत असेल तर जवळ काय नेणार?

निकाल मात्र आमच्या वहिनींनीं दिला. नातवाची मुंज पाहण्याची आस सर्वांहून त्यांनाच अधिक होती. त्या म्हणाल्या, "माझ्या समाधानासाठीं त्याच्या गळ्यांत दोरा नको. एवढा वेळ तो आपल्याशीं मराठींत भांडतो आहे, तें काय थोडें झालं?"

मुंज झाली नाहीं. चिरंजीवांस तें लागलें. विमानतळावर जाईपर्यंत ते मुलाशीं बेताचेंच बोलले. मुलानें मात्र जातांना आमची संध्येची जुनी पोथी मागून नेली. दर रविवारीं सामना आटोपला म्हणजे तो एकेका वाक्याचा अर्थ विचारणारें पत्र देवनागरींत लिहितो. ऱ्हस्वदीर्घ चुकतात, तीं आम्ही लाल शाईनें सुधारून त्याचें छायाचित्र परत पाठवितों. सावित्रीपर्यंत तो अद्याप आलेला नाहीं. गेल्या पत्रांत संध्येविषयीं एकच प्रश्न होता. बाकीचें पत्र रंगपंचमी पुढील वर्षीं कोणत्या तारखेस येते, आणि मढीचा गाढवांचा बाजार नेमका किती दिवस असतो, ह्याविषयीं होतें.