उडीनंतरची गोष्ट

नागपूरच्या उच्च न्यायालयापाशी काळे झगे घातलेल्या वकिलांची लगबग दिसली, की मुले हटकून विचारतात, "गुरुजी, यांना फी किती मिळत असेल हो?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्यापाशी फी नाही आणि ज्याच्यावर सरकारच उलटले आहे, असा माणूस परमुलखात आश्रय मागू लागला, तर त्याच्या वतीने कोणी बोलावे?

८ जुलै १९१० रोजी सकाळी मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीवरून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, हे तुम्ही वाचले असेलच. पुढची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. पोहत ते फ्रान्सच्या धक्क्याला लागले. फ्रेंच न्यायाधीशापुढे उभे राहता आले असते, तर राजकीय आश्रय त्यांना मागता आला असता. पण भाषा परकी आणि पाठीशी धावणारे पहारेकरी! एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि ते पुन्हा बोटीवर गेले. सारे काही मिनिटांत आटोपले. त्या मिनिटांत शेजारी एखादा वकील असता तर!

कैवारी मिळाला तो नंतर. पॅरिसमध्ये मादाम कामांनी झाँ लोंगे यांना गाठले. हे कार्ल मार्क्सचे नातू. वकील आणि पत्रकार. सावरकरांशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना देशाचे. तरी 'ल्युमानिते' या वृत्तपत्रातून त्यांनी हा प्रश्न धसास लावला. फ्रान्सने कैदी परत मागितला, इंग्लंडने नाकारले, आणि वाद हेग येथील लवादापुढे गेला. तोवर मुंबईचे न्यायासन मात्र थांबले नाही. तेथे जोसेफ बॅप्टिस्टा सावरकरांच्या बाजूने उभे राहिले. तरीही डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप झालीच.

हेगला पाच पंच बसले. दोन्ही सरकारांचे प्रतिनिधी बोलले. ज्याच्याविषयी हा वाद, त्याच्या वतीने बोलण्याची सोयच तेथे नव्हती! मला या प्रकरणातील हीच गोष्ट सर्वांत अधिक बोचते. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: कैद्याला सोपविण्यात नियमभंग झाला खरा, पण त्याला परत करण्यास इंग्लंड बांधलेले नाही.

१९५१ साली जिनिव्हा येथे निर्वासितांविषयी करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. तथापि आपल्या राज्यघटनेचे २१वे कलम उघडून पाहा. जीविताचे रक्षण सांगताना तेथे 'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती' हा शब्द योजला आहे. परदेशातून आलेल्या निराधारासाठी आपल्या न्यायालयात उभा राहणारा वकील याच शब्दावर बोट ठेवतो. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांना अरुणाचलातून हुसकावून लावण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांना संरक्षण दिले.