सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर

सिसिली हे इटलीचे बेट नकाशात युरोपात मोडते खरे. परंतु त्याच्या पश्चिम टोकाहून आफ्रिकेचा ट्युनिशिया जवळ आणि रोम कितीतरी दूर. ही गोष्ट ध्यानात ठेवून जो प्रवासी ट्रापानीला उतरेल, त्याला येथील किनाऱ्याचे आणि येथील ताटाचेही मर्म लवकर उमगेल.

ट्रापानीपासून दक्षिणेस मार्सालाकडे मिठागरे पसरली आहेत. उथळ वाफ्यांतून पाणी आटत असते, मधूनमधून जुन्या पवनचक्क्या दिसतात आणि मिठाच्या पांढऱ्या राशींवर कौले रचलेली असतात. मार्साला या नावातील ‘मर्सा’ म्हणजे अरबी भाषेत बंदर. त्याच्याही पुढे, माझारा येथे, इ.स. ८२७ मध्ये अरब सैन्य उतरले. १०७२ मध्ये नॉर्मनांनी पालेर्मो जिंकले आणि ती राजवट पुढे लयास गेली. स्वयंपाकघरातून मात्र अरबांना कोणी हुसकावू शकले नाही.

याची साक्ष म्हणजे कुस्कुस. रुंद मातीच्या परातीत रवा घेऊन, पाण्याचे हबके मारीत, बोटांनी तो गोल गोल फिरवतात, तेव्हा त्याचे बारीक कण वळले जातात. ते सच्छिद्र भांड्यात वाफेवर शिजतात. खालच्या व वरच्या भांड्याचा सांधा कणकेने लिंपलेला असतो. मग मासळीचा रस्सा घालून, भांडे लोकरी कांबळ्यात गुंडाळून मुरत ठेवतात. आफ्रिकेत या पदार्थाला बहुधा मांसाची जोड असते. ट्रापानीच्या कोळ्यांनी त्याला समुद्राची दिली. घाई असलेल्याने या वाटेस जाऊ नये!

सान व्हितो लो कापो या गावी १९९८ पासून सप्टेंबरात कुस्कुसचा उत्सव भरतो. डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या वाळूची चंद्रकोर, आणि तिच्या काठी देशोदेशींच्या आचाऱ्यांची चढाओढ. गर्दी फार असते. निवांतपणा हवा असणाऱ्याने दक्षिणेकडील झिंगारोच्या किनाऱ्यावर पायी जावे. तेथे मोटाररस्ता नाही, आणि तो नाही याचे श्रेय माणसांना आहे. किनाऱ्यालगत रस्ता खणण्यास प्रारंभ झाला असता १९८० मध्ये हजारो लोक निषेधार्थ तेथे चालत गेले. दुसऱ्याच वर्षी सुमारे सात किलोमीटरचा तो पट्टा संरक्षित झाला. खुरट्या ताडांमधून खाली उतरणाऱ्या पाऊलवाटा अजून तशाच आहेत.

सारेच असे वाचले नाही. ट्रापानीसमोरच्या फाव्हिन्याना बेटावर ट्यूना मासे जाळ्यांच्या दालनांतून हाकीत आणून मारण्याची प्रथा होती. तिच्या म्होरक्याला ‘राईस’ म्हणत. हाही शब्द अरबीच. तो इशारा देई आणि कोळी गाण्याच्या ठेक्यावर जाळे ओढीत. २००७ नंतर ती शिकार तेथे झाली नाही. मासे डबाबंद करण्याचा तेथील प्रचंड कारखाना आता संग्रहालय आहे. मोठमोठ्या नौका त्यात रांगेने ठेवल्या आहेत. रक्ताने लाल झालेल्या पाण्याबद्दल हळहळ वाटू नये. त्या गाण्यांबद्दल मात्र वाटते.

माझारा बंदर अद्याप जागते आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीपासून ट्युनिशियाचे खलाशी येथील मच्छीमार बोटींवर कामाला येऊ लागले, आणि जुन्या गावाच्या अरुंद बोळांत त्यांनी बिऱ्हाडे थाटली. येथली लाल कोळंबी सर्वत्र नावाजलेली आहे. ती पकडून आणणाऱ्या बोटींवर सिसिलीकर आणि ट्युनिशियन एकाच जाळ्याला हात घालतात.