वृषणातले निरोप आणि ‘ताकदीचं’ इंजेक्शन

लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून हिमायतनगरच्या माझ्या दवाखान्यात जोडपी येतात. बाईच्या तपासण्यांची फाईल जाडजूड असते. पुरुषाची वीर्यतपासणी मात्र बहुतेक वेळा एकदाही झालेली नसते. विषय काढला की सोबतची सासू म्हणते, “आमच्या लेकाला काय झालंय डॉक्टरसाहेब, चांगला धडधाकट आहे.” पण धडधाकट शरीर आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते आज पाहू.

वृषण एकटं काम करत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यातून एलएच आणि एफएसएच ही दोन प्रथिनं रक्तात येतात. वृषणातल्या पेशींवर त्यांना ओळखणारी दुसरी प्रथिनं असतात. कुलपात किल्ली बसावी तशी ही जोडी जुळते. एलएचचा निरोप मिळाला की लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएचचा निरोप सर्टोली पेशींना जातो आणि त्या वाढत्या शुक्राणूंना पोसतात. याच सर्टोली पेशी जीडीएनएफ नावाच्या प्रथिनातून मूळ पेशींना बियाणं राखून ठेवायला सांगतात. आणि इन्हिबिन हे प्रथिन पियुषिकेला उलट कळवतं, ‘इथं काम चालू आहे, एफएसएच आवरा.’ या इन्हिबिनवर मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतही बरंच काम झालं आहे. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात.

आजारात हे निरोप बिघडतात. वीर्यात शुक्राणू नसतील आणि एफएसएच खूप वाढलेलं असेल, तर पियुषिका हाका मारते आहे पण वृषणातून उत्तर येत नाही. वयात आल्यावर झालेलं गालगुंड, लहानपणी खाली न उतरलेलं वृषण, जनुकीय दोष ही त्याची काही कारणं. एलएच व एफएसएच दोन्ही कमी असतील, तर वरूनच निरोप येत नाही. यातल्या अनेकांना काही महिन्यांच्या हार्मोन उपचारानं मूल होऊ शकतं. दोन्ही ठीक असतील, तर शुक्राणूंची वाट बंद आहे का ते पाहावं लागतं.

आता इंजेक्शनचं. जिममधली पोरं, आणि मूल हवं असलेले नवरेसुद्धा, कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात. बाहेरून ते आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. एलएच, एफएसएच बंद पडतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढतं, पण वृषणाच्या आत ते घटतं आणि शुक्राणू थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेनं हेच इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 271 पैकी 157 पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. म्हणजे मूल व्हावं म्हणून घेतलेलं औषध मूल न होण्याचं काम करतं! बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागतात.

तेव्हा असं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. वीर्यतपासणी 2 ते 7 दिवसांच्या अंतरानंतर करा. अहवाल बिघडलेला आला तर ती पुन्हा करून खात्री करून घ्या. आणि घरच्यांना सांगणं एवढंच, की बाईला आणखी एका सोनोग्राफीला पाठवण्याआधी नवऱ्याची ही साधी तपासणी करून घ्या.