हंबोल्टची मुले

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, अफाट पसरलेल्या शेतांच्या मधोमध, हंबोल्ट नावाचे एक लहानसे शहर आहे. वस्ती जेमतेम ६,००० ची. हिवाळ्यात सारा मुलूख बर्फाखाली गाडला जातो आणि संध्याकाळी लोकांची पावले बर्फ-हॉकीच्या क्रीडागृहाकडे वळतात. पायांत धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावरून वाऱ्यासारखे धावायचे आणि लांब काठीने रबराची चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात धाडायची, असा हा खेळ. नाव हॉकीचेच, पण चेंडू नाही आणि मातीही नाही!

हंबोल्टचा ‘ब्रॉन्कोज’ हा कुमारांचा संघ १९७० साली स्थापन झाला. तो कोणा धनिकाचा नाही, गावाचा आहे. खेळाडू सोळा ते एकवीस वर्षांचे, बहुतेक परगावचे. गावातील कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. कोणाच्या मुलाला हंगामापुरता थोरला भाऊ मिळतो, कोणाच्या घरी एक पान अधिक वाढले जाते. असा मुलगा सामना हरून येतो, तेव्हा ते दुःख क्रीडागृहातच राहत नाही. ते स्वयंपाकघरापर्यंत येते.

६ एप्रिल २०१८ रोजी हा संघ बसने निपाविन गावी सामन्यासाठी निघाला होता. वाटेत एका चौफुलीवर, थांबण्याची खूण न जुमानता आलेल्या मालट्रकशी बसची भीषण टक्कर झाली. बसमध्ये २९ जण होते. त्यांतील १६ जण मृत्युमुखी पडले, १३ जखमी झाले. मृतांत दहा खेळाडू होते.

ही वार्ता पसरताच लोकांनी आपापल्या दाराबाहेर हॉकीची एकेक काठी ठेवली व रात्रभर ओसरीवरचा दिवा तेवत ठेवला. मुलांना कदाचित लागेल, एवढाच त्यामागील भाव! उशिरा येणाऱ्या मुलासाठी ताट झाकून ठेवावे, तशीच ही काठी होती. हंबोल्टपासून शेकडो कोस दूर, ज्यांनी त्या मुलांना कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या दारांशीही ती दिसू लागली.

मृतांत लोगन बुले हा एकवीस वर्षांचा खेळाडू होता. आपल्या मृत्यूनंतर आपले अवयव इतरांना द्यावेत, अशी नोंद त्याने काही आठवड्यांपूर्वीच केली होती. त्याच्या दानाचा लाभ सहा जणांना झाला. पुढे लाखाहून अधिक कॅनडावासीयांनी तशीच नोंद केली.

त्याच वर्षी पुन्हा खेळावे काय? गेलेल्यांच्या जागी दुसऱ्यांना उभे करणे सोपे नव्हते. पण गावाने संघ उभा केला. नव्या मुलांना राहावयास घरे हवी होती. तीही गावाने दिली. १२ सप्टेंबर २०१८ रोजी निपाविनचाच संघ हंबोल्टला आला. अपघातातून बचावलेले दोन खेळाडू त्या रात्री बर्फावर उतरले. ब्रॉन्कोज दोन विरुद्ध एक असे हरले. दिवंगतांना मानवंदना सामन्याआधी नव्हे, तर सामना संपल्यावर दिली गेली. आधी मुलांना मोकळेपणाने खेळू दिले.