तीन थरांची वडी

परवा शुक्रवारी 4 जुलै झाला. आमच्या कॉलनीत दरवर्षीप्रमाणे दुपारी रस्ता बंद करून टेबलं मांडली होती आणि प्रत्येक घरातून एक पदार्थ आला होता. आमच्या घरचा पदार्थ गेली सात वर्षं ठरलेला आहे. लाल, पांढऱ्या आणि निळ्या थरांची राइस क्रिस्पीजची वडी. ती मी करत नाही, माझी थोरली करते. अकरा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा केली, आता अठरा पूर्ण आहे. यंदा त्या वडीच्या ताटाशी जे झालं ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांनी ही वडी खाल्ली नसेल त्यांना सांगते, हे आपले चिरमुऱ्याचे लाडूच. गुळाच्या पाकाऐवजी वितळवलेलं मार्शमेलो, एवढाच फरक. ओव्हन लागत नाही. 1939 साली केलॉग्ज कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या दोघींनी ही कृती बसवली, कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संस्थेला विकून पैसे उभे करता यावेत म्हणून. तेव्हापासून इथल्या शाळांच्या, चर्चच्या, लायब्ररीच्या प्रत्येक विक्रीच्या टेबलावर ती असतेच. प्रमाणही सगळ्यांना पाठ. सहा कप राइस क्रिस्पीज, तीन टेबलस्पून बटर, दहा औंसाची मार्शमेलोची पिशवी.

तीन थर करायचे तर सगळ्याचे तीन भाग करायचे आणि एका वेळी एकच भाग करायचा, कारण मार्शमेलो थांबत नाही, बघता बघता आळतं. बटर वितळवायचं, त्यात मार्शमेलो, मग रंग, आणि रंग सगळीकडे सारखा झाल्यावरच राइस क्रिस्पीज. ट्रेमध्ये घालून बटर लावलेल्या कागदानं हलक्या हातानं पसरायचं. जोर लावला की वडीचा दगड होतो.

यंदा दोन अडचणी होत्या. सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्यात. साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि इथं ते बहुतेक वेळा डुकराचं असतं. म्हणून व्हीगन मार्शमेलो आणलं. ते वितळायला फार कुरकुरतं. चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत उभं राहावं लागतं. दुसरी अडचण रंगाची. जानेवारीत इथल्या सरकारनं खाण्यातला रेड नंबर 3 बंद करायचं ठरवलं आणि एप्रिलमध्ये पेट्रोलियमपासून केलेले बाकीचे रंगही हळूहळू काढणार असं जाहीर केलं. त्यामुळं थोरलीनं बाटलीतला रंग घेणारच नाही असा हट्ट धरला. लालसाठी बीटची पूड, निळ्यासाठी गोकर्णाच्या फुलांची पूड. निळा झकास आला. बीटचा मात्र लाल काही येईना, राणी कलर आला.

आजी बघून म्हणाल्या, "हा झेंडा आहे होय? मला वाटलं शालूचे काठ."

पण ढवळण्याचं काम त्यांनीच हातात घेतलं. "पाक कच्चा राहिला तर लाडू वळत नाही आणि पुढं गेला तर दात पडतो. मधली वेळ साधायची असते बघ," असं नातीला सांगत होत्या. नातीनं त्यांना झेंड्याची गोष्ट सांगितली. 1777 साली झेंडा ठरला तेव्हा रंगांचा अर्थ कुणी लिहून ठेवला नव्हता. 1782 साली चार्ल्स थॉमसननं देशाच्या राजमुद्रेतल्या याच रंगांचा अर्थ लिहिला. पांढरा म्हणजे निर्मळपणा, लाल म्हणजे धैर्य, निळा म्हणजे दक्षता, चिकाटी आणि न्याय.

"मग निळा थर जरा जाड कर," आजी म्हणाल्या.

तर ताट टेबलावर गेलं. आमच्या समोरच्या घरात एक आजोबा राहतात, सैन्यातून निवृत्त झालेले. नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्या न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक होती, म्हणून ते मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन आले होते. थोरली नुकतीच हायस्कूल पास झाली, हे त्यांना माहीत. तिच्या ग्रॅज्युएशनला त्यांनी कार्डसुद्धा दिलं होतं. त्यांनी वडी उचलली, तोंडभर कौतुक केलं आणि एक फॉर्म तिच्यापुढं धरला. "अठरा झाली ना? हे भर."

ती म्हणाली, "थँक्यू, पण मला मतदान करता येत नाही. मी सिटिझन नाही."

तेवढ्यात आमचा धाकटा, वय वर्षं बारा, तोंडात वडी असताना म्हणाला, "मी आहे!"

सगळे हसले. तीही हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इतकी वर्षं झाली, मग तुम्ही हिच्यासाठी अर्ज का केला नाही?"

इथल्या प्रत्येक भारतीयाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. त्यांना दोन मिनिटांत काय सांगणार? तुम्हाला सविस्तर सांगते.

आम्ही 2010 मध्ये आलो. नवरा एच-1बी वर, मी आणि चार वर्षांची थोरली एच-4 वर. धाकटा 2013 मध्ये इथं जन्मला, म्हणून तो जन्मानं नागरिक. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डचा अर्ज केला, त्यात आमची तारीख पडली मार्च 2015. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 असतात आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली सर्वसाधारणपणे 7 टक्के. देश मोजतात तो जन्माचा. छोट्या देशाला 7 टक्के आणि भारतालाही 7 टक्के. म्हणून आमची रांग एवढी लांब.

दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. जुलै 2025 च्या बुलेटिनात आमच्या गटातल्या भारतीयांची तारीख होती 1 जानेवारी 2013. आमची मार्च 2015. म्हणजे मधे सव्वादोन वर्षं. तुम्ही म्हणाल, सव्वादोन वर्षं थांबा की. पण बुलेटिनातली सव्वादोन वर्षं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली सव्वादोन वर्षं एक नाहीत. ही तारीख कधी महिनोनमहिने जागची हलत नाही, कधी मागं जाते. सप्टेंबर 2022 मध्ये ती 1 डिसेंबर 2014 पर्यंत आली होती. आमच्यापासून चार महिन्यांवर! आम्ही घरात पेढे आणायच्या गोष्टी करत होतो. त्याच वर्षी डिसेंबरात ती मागं गेली, ऑक्टोबर 2011 वर.

आणि थोरलीला एकवीस पूर्ण होणार सप्टेंबर 2027 मध्ये. एकविसाव्या वाढदिवशी एच-4 संपतो. आमच्या अर्जातली मूल म्हणून असलेली तिची जागाही जाते. ती रांगेतून बाहेर.

यावर 2002 चा एक कायदा आहे. आपला अर्ज सरकारकडे जितके दिवस पडून होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. ऐकायला छान आहे. पण तेव्हा आम्ही जास्तीची फी भरून प्रीमियम प्रोसेसिंग केलं होतं, आणि अर्ज पंधरा दिवसांच्या आत मंजूर झाला होता. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो. आज हिशेब असा की तिच्या वयातून पंधरा दिवससुद्धा वजा होत नाहीत. अर्ज वर्षभर लोळत पडला असता तर तिला वर्ष मिळालं असतं. घाई आम्हीच केली, वर पैसे भरून केली.

मग पुढं काय? राहायचं तर एफ-1 व्हिसा घ्यायचा, म्हणजे विदेशी विद्यार्थिनी व्हायचं. त्यासाठी तिनं दाखवायचं की माझं घर परदेशात आहे आणि शिक्षण झालं की मी तिकडं परत जाणार आहे. जी मुलगी चौथ्या वर्षापासून याच रस्त्यावर सायकल चालवतेय, तिनं लिहून द्यायचं की माझं घर दुसरीकडं आहे. एच-4 वर तिला उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानातसुद्धा नोकरी करता येत नाही. कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत मिळत नाही. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी तो फॉर्म भरला तेव्हा ती लायब्ररीत जाऊन बसली होती. हे तिनं मला सहा महिन्यांनी सांगितलं.

आणि धाकट्याचं तरी काय? 20 जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथं जन्मलेलं मूल नागरिक धरायचं नाही. म्हणजे बरोबर आमच्यासारखं घर. 27 जूनला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. आदेश घटनेत बसतो की नाही, हे कोर्टानं ठरवलं नाही. खालच्या न्यायालयांनी सरसकट देशभर स्थगिती द्यावी का, एवढंच ठरवलं, आणि आदेश निदान 30 दिवस लागू होणार नाही असं सांगितलं. हा आदेश पुढं जन्मणाऱ्या मुलांसाठी आहे, धाकट्याला त्याचा धक्का नाही. पण गेल्या आठवड्यात त्यानं जेवताना विचारलं, "आत्ता जन्मलो असतो तर मी पण दीदीसारखा असतो का?" आजींनी माझ्याकडं बघितलं. मी आमटी वाढली.

शुक्रवारी रात्री फटाके बघून आलो. थोरलीनं फोनवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. 4 जुलै 1776 चा. त्यात इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे. सातवी तक्रार तिनं मला दाखवली. राजा इथली लोकसंख्या वाढू देत नाही, बाहेरून येणाऱ्यांना नागरिक करून घेण्याच्या कायद्यांत अडथळे आणतो, अशा अर्थाची. मी इथं पंधरा 4 जुलै साजरे केले, पण ती यादी कधी वाचली नव्हती. ज्या कागदाचा हा सण, त्याच कागदात ही तक्रार आहे.

ती रागानं बोलत नव्हती. म्हणाली, "आई, हे लोक माझ्या बाजूनं आहेत."

आता काही जण लिहितील, "एवढा त्रास आहे तर परत या." बरोबर आहे, आम्ही येऊ शकतो. आम्ही दोघं आपल्या मर्जीनं आलो, पगार बघून आलो, रांग आहे हे कळल्यावरही थांबलो. आमची तक्रार मी करणारच नाही. पण येताना चार वर्षांच्या पोरीला आम्ही विचारलं नव्हतं. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. कराडात तिला आजीचं घर माहीत आहे, आणि तिथून घाटावर जायचा रस्ता. काही जण लिहितील की 7 टक्क्यांचा नियम सगळ्या देशांना समान संधी मिळावी म्हणून आहे. तेही मान्य. पण रांग कितीही लांब असू दे, रांगेत आईबापांचं बोट धरून उभं असलेलं मूल मोठं झालं म्हणून त्याला बाहेर काढू नका, एवढीच मागणी आहे. त्यासाठी अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट नावाचं विधेयक 2021 मध्ये मांडलं गेलं. दोन्ही पक्षांचे लोक त्याच्या पाठीशी आहेत. कायदा मात्र अजून झालेला नाही.

शनिवारी सकाळी समोरचे आजोबा आमचं ताट परत द्यायला आले. धुऊन, पुसून. दारातच म्हणाले, "त्या विधेयकाचं नाव लिहून दे. मला हे माहीत नव्हतं. सोमवारी मी काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करतो. मी मतदार आहे, माझा फोन त्यांना घ्यावा लागतो." मी नाव लिहून दिलं. एका फोननं काय होणार, मला ठाऊक आहे. तरी बरं वाटलं.

म्हणून ही पोस्ट. माझ्या यादीत इथले कितीतरी मराठी लोक आहेत जे आता नागरिक झालेत. तुम्ही याच रांगेतून गेलात, फक्त तेव्हा ती लहान होती. मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला आपण भेटतो, घरांच्या किमती बोलतो, हे बोलत नाही. मला फोन करायचा हक्क नाही असं नाही, पण माझ्या मागं मत नाही. तुमच्या मागं आहे. सोमवारी पाच मिनिटं काढा.

2026 म्हणजे देशाची 250 वर्षं. थोरलीनं फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवलीय. "2026. दुप्पट प्रमाण. बीटमध्ये लिंबू पिळून बघणे." खाली आजींनी सांगितलेलं तिनं तिच्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलंय, निळ्यात लिंबाचा थेंब जाऊ देऊ नकोस, गोकर्ण जांभळा होतो.